आतून आलेली ओ

कारखान्यात तिला सगळे हाकवाली म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि बहुतेक तिथंच राहत असे. नवरासुद्धा कधी कौतुकानं, बऱ्याचदा वैतागून तेच म्हणे, "आली आमची हाकवाली."

कारखाना तसा छोटा. एकदा वापरून फेकायच्या सिरिंजा तिथं बनत. एका शेडमध्ये प्लास्टिकचे दाणे वितळवून नळ्या ओतायच्या, दुसऱ्यात त्यांच्यावर काळ्या रेघा आणि आकडे छापायचे. तिसऱ्यात लांब टेबलांशी डोक्याला टोप्या आणि अंगात निळे कोट घातलेल्या बायका बसत. त्या नळीत दट्ट्या सरकवत, पुढं सुई बसवत, सुईवर टोपण लावत आणि तोंडानं घरची उणीदुणी काढत. मग पाकिटं, पाकिटांचे खोके, आणि खोके शेवटी चेंबरमध्ये.

चेंबर म्हणजे पोलादी भिंतींची खोली. निजायच्या खोलीएवढी असेल. त्यात एका वेळचे खोके, म्हणजे एक लोड, छतापर्यंत रचून दार घट्ट लावत, पंपानं आतली हवा ओढून घेत आणि मग गॅस सोडत. त्या गॅसमध्ये एकही जंतू जिवंत राहत नाही. जंतू राहत नाही तिथं माणूस कसा राहील? गॅसचा वास गोडसर असतो म्हणे. पण ज्याला तो नीट आला तो परत येऊन सांगणार कसा, असा तिथला जुना विनोद होता. नवीन माणूस आला की तो त्याला ऐकवत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

खोक्यांच्या मागं एक बोळ सोडावा लागे, माणूस अंग चोरून आडवा जाईल एवढा. दाराशी एकच दिवा होता आणि त्याचा उजेड त्या बोळात पोचत नसे. म्हणून आताच्या मालकांच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. दार लावण्याआधी एकानं उंबऱ्यावर उभं राहून आत हाक मारायची, श्वास धरून थांबायचं, उत्तर आलं नाही तरच दार लोटायचं. पुढं घंटा आली, लाल दिवा आला, तरी हाक राहिली. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं की ही बाई कोणत्या नियमात बसते? मालक म्हणाले, "बसत नाही. पण तिला उठवलं तर माझा गॅसवाला बटण दाबत नाही."

हाकवालीच्या आधी हे काम तिची सासू करायची. सासूचे गुडघे गेले तेव्हा तिनं सुनेला आणून उंबऱ्यावर उभं केलं. घरातली डब्यांची मांडणी दाखवावी तसं शिकवलं.

"आवाज पोटातून काढायचा. 'आहे का कुणी आत?' एवढंच म्हणायचं. नाव घ्यायचं नाही."

"का?"

"नाव घेतलं की बाकीच्यांना वाटतं, आपल्याला नाही हाक मारली. घरात बघतेस ना, मी नावानं हाक मारली की बाकीचे कसे पेपर वाचत बसतात ते."

"आणि आई, ओ आली तर?"

"तर दार लावायचं नाही." सासूनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं चहात पाणी घालतात का असं विचारलं होतं.

"तुम्हाला कधी आली होती?"

सासूनं दाराच्या रबरावरची धूळ बोटानं पुसली. "चल. दूध तापत ठेवून आलेय मी," ती म्हणाली.

त्याला बरीच वर्षं झाली. आता सासूची आठवण ओल्या साबणासारखी झाली होती, धरायला जावं तर हातून निसटायची. जेवलेलं आठवत नसे, लेकाचं नाव दर वेळी आठवेलच असं नव्हतं. पक्की राहिली ती फक्त ओ. कुणीही, कुणालाही, कुठूनही हाक मारली की सासू ओ देई. शेजारीण तिच्या पोराला बोलावी, ओ हिची. टीव्हीवरची बातम्या देणारी "नमस्कार" म्हणे, ओ हिची. एकदा पार्सलवाला समोरच्यांचं नाव घेऊन ओरडला, तर हिनं ओ देऊन सही करून पार्सल घेतलं. आत निघाले बूट. ते पायात चढवून ही दोन दिवस घरभर फिरली आणि समोरच्यांना परत द्यायला तयार होईना.

"अख्ख्या गल्लीची उत्तरं आपल्या घरातून जातात," नवरा हसायचा.

त्याला हसणं परवडत होतं. तो टेम्पो घेऊन दिवसभर बाहेर. हाकवाली घरात असली की दिवसभर ते ऐकायची. ओ. ओ. सुरुवात खाली, शेवट वर, जणू ओ देतानाच विचारतेय, काय गं? सुरुवातीला ती प्रत्येक वेळी जाऊन म्हणायची, "आई, तुम्हाला नाही बोलावलं." मग जायचं सोडलं, नुसतं म्हणायची. मग म्हणायचंही सोडलं. पंख्याचा आवाज जसा पंखा बंद झाल्यावरच कळतो, तशी सासूची ओ झाली. तिच्या कानांनी ती उचलणंच टाकून दिलं. हाक मारायची नोकरी करणाऱ्या बाईनं ओ ऐकू न येण्याची सवय लावून घेतली होती आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही.

त्यात सासूनं नवीन सुरू केलं. दार उघडं दिसलं की ती कारखान्याची वाट धरायची. डोक्यातून रस्ता गेला होता, पायांत राहिला होता. वॉचमन तिला फाटकाशी खुर्ची देई आणि आत फोन करी, "वहिनी, आजी ड्यूटीवर आल्यात."

त्या दिवसांत कारखान्याची हवा वाईट होती. बाहेरून येणारा स्वस्त माल दुकानांत भरला होता आणि दोन शेडची यंत्रं झाकून ठेवली होती. अशात सरकारी दवाखान्यांचं काम मिळालं. मालकांनी सगळ्यांना टेबलांपाशी गोळा करून सांगितलं की पहिला लोड वेळेत आणि चोख गेला तर पुढचं वर्ष आपलं, नाही तर शेडला कुलूप. लोड मध्येच थांबला तर तो गेलाच समजा. एकदम हवा आत घेतली की पाकिटांच्या कडा सुटतात, आणि कड सुटलेल्या पाकिटातली सुई कुणाच्या दंडात जायच्या लायकीची राहत नाही.

तो लोड चेंबरमध्ये जायच्या दिवशी सकाळी सासूनं घराची किल्ली लपवली. कुठं ते तिलाच आठवेना. हाकवालीनं गाद्या उलथल्या, डबे उपसले, आणि ती वाकून पलंगाखाली शोधत असताना शेजारणीनं तिच्या पोराला हाक मारली. डोक्यावर सासूची ओ वाजली.

हाकवाली उठून उभी राहिली. "एकदाच्या गप्प बसा हो," ती म्हणाली. "कायमच्या गप्प बसा."

"ओ," सासू म्हणाली.

किल्ली सासूच्या स्वेटरच्या खिशातच निघाली. हाकवालीनं तिला शेजारणीकडे नेऊन बसवलं, "जरा बघा हो," म्हणून किल्ली तिच्या हाती दिली आणि मागं न बघता गेली.

दुपारी खोके रचून झाले. गॅसवाला, म्हणजे चेंबर चालवणारा, बटणांच्या फळीपाशी उभा राहून जांभई देत होता. हाकवाली उंबऱ्यावर आली. एक हात दारावर ठेवला.

"आहे का कुणी आत?"

"ओ."

मागच्या बोळातून आली. बारीक, पण स्पष्ट. सुरुवात खाली, शेवट वर.

हाकवालीनं दार लोटलं.

कान वाजतात, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण हात आधी गेला होता आणि वाक्य मागाहून आलं होतं. दाराचं चाक फिरवताना तिच्या ते लक्षात आलं, तरी चाक तिनं शेवटपर्यंत फिरवलं. गॅसवाल्यानं बटण दाबलं. पंप घुमायला लागला आणि आतली हवा बाहेर ओढली जाऊ लागली.

तेवढ्यात वॉचमन चहाची किटली घेऊन आला. "वहिनी, आजी कुठंयत? मघाशी माल चढवायच्या दारानं आत येताना दिसल्या. मला वाटलं तुमच्याकडेच निघाल्यात, म्हणून हटकलं नाही."

"कुठून आत?"

"मागच्या. स्वेटर घातलेला होता ना?"

गॅसवाल्याचा हात लाल बटणापाशी पोचायच्या आत तिचा पोचला. पंप अडखळून थांबला. हवा शिट्टी घालत आत शिरली आणि खोक्यांच्या आत पाकिटांच्या कडा पटापट सुटल्याचा आवाज आला. गॅस अजून सोडलेला नव्हता. चाक फिरवून दार ओढलं आणि ती बोळात घुसली. अंग आडवं करून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. खोके होते, गार पोलाद होतं. माणूस नव्हतं.

मालक आले. त्यांनी एक खोका फोडून एक पाकीट उचललं आणि त्याच्या सुटलेल्या कडेत बोट घातलं.

"हाक मारली होती?"

"मारली."

"ओ आली होती?"

गॅसवाला बघत होता, वॉचमन बघत होता. "नाही," हाकवाली म्हणाली.

"मग आपल्या हाकेवर विश्वास ठेवायचा का याच्या डोळ्यांवर?"

वॉचमन पुटपुटला, "उन्हातून एकदम सावलीत बघितलं की दिसतं काहीतरी."

मालक ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते पाकीट खिशात घालून निघून गेले.

ती तशीच घरी पळाली. शेजारीण हाकवालीच्याच दारात भाजी निवडत बसली होती. "कुठं जातील? सकाळपासून माझ्या नजरेसमोर आहेत. दुपारी त्यांना तुमच्या पलंगावर नेऊन निजवलं आणि इथं दाराशी बसले. मध्ये जरा डुलकी लागली त्यांना, तेवढंच."

सासू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाकवाली काठावर बसली आणि सासूच्या खांद्याला हात लावला. सासू वळली.

तिच्या उजव्या गालावर रेघा उमटल्या होत्या. सरळ, एकसारख्या, एकीला लागून एक. कारखान्यात काम करणाऱ्याला ती खूण सांगावी लागत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याला गाल दाबून धरला की अशीच उठते.

"कान दुखतात गं," सासू म्हणाली. "गच्च झालेत." ती तळवे कानांवर दाबत होती. मग तिनं सुनेकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांत तिनं असं ओळखून पाहिलं नव्हतं.

"तू हाक मारलीस," ती म्हणाली. "मी ओ दिली."

हाकवालीनं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मग दार का लावलंस?"

आवाजात राग नव्हता. आमटीत मीठ का नाही, असं विचारावं तितपतच.

रात्रीचं जेवण वाढताना हाकवालीनं नवऱ्याला सासूच्या गालाबद्दल सांगितलं. कानांबद्दल सांगितलं. ओ बद्दल सांगितलं नाही.

"पुठ्ठा घातलाय ना आपण तिच्याखाली," तो म्हणाला. सासूचं अंथरूण ओलं होई म्हणून कारखान्यातले टाकाऊ पुठ्ठे आणून पसरले होते, ते खरं होतं.

"गादीखाली आहे तो."

"मग? तेच म्हणतोय मी."

"गादीच्या खाली, अहो. वर प्लास्टिक, त्यावर गादी, त्यावर चादर. गाल पोचेल कसा?"

त्यानं घास थांबवून थोडा विचार केला. "म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते," तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

मालकांनी दवाखान्यांच्या साहेबांचे पाय धरले म्हणा, काही म्हणा, थोडी मुदत मिळाली. बायका दोन दोन पाळ्या करून परत माल बनवू लागल्या. हाकवालीला कुणी काढलं नाही, पण टेबलांपाशी ती आली की उणीदुणी थांबायची. ती मालकांकडे गेली.

"सासूबाईंना बरोबर आणू द्या. चेंबरजवळ स्टुलावर बसतील. माझ्या डोळ्यांसमोर असल्या की मग कुणाला कुठं दिसायच्या नाहीत."

मालकांनी कपाळ चोळलं. ते चड्डीत असताना याच म्हातारीनं त्यांना चेंबरमधून कान धरून बाहेर आणलं होतं, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. "आणा," ते म्हणाले. "पण बूट कुणाचे घेऊन येऊ देऊ नका."

सासू खूश होती. स्टुलावर बसून रिकाम्या खोक्यांच्या घड्या उलगडायची, परत घालायची. गॅसवाला तिला आजी म्हणून चिडवी, ती त्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारी. चेंबरची कामं होत राहिली, छोटे लोड जात राहिले. हाकवाली हाक मारायची, श्वास धरायची, आणि हल्ली नेहमीपेक्षा जास्त वेळ धरायची. गॅसवाला म्हणायचा, "वहिनी, तुमचा श्वास सुटेपर्यंत माझी पाळी संपते." आतून काही येत नसे. घरी मात्र सासूनं कुणाच्याही हाकेला ओ दिली की हाकवाली आता हातातलं टाकून जायची आणि विचारायची, "काय आई?" सासूला काहीच नको असे.

मग मोठा लोड पुन्हा तयार झाला.

खोके छतापर्यंत चढले. वॉचमनला मागच्या दाराशी बसवलं होतं. मालक ऑफिसच्या काचेमागं उभे होते. सासू स्टुलावर, पाठ भिंतीला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. हाकवालीनं आधी तिच्याकडे पाहिलं. ओठ बंद होते, छाती शांत खालीवर होत होती. मग ती आत वळली.

"आहे का कुणी आत?"

"ओ. मी आहे, आई."

हाकवालीनं मान फिरवली. सासू झोपलेलीच होती. हा आवाज तिचा नव्हताही. ना खाली, ना वर. सपाट, घाईतला, हातात काम असलेल्या बाईचा. कुठंतरी ऐकलेला, पण कुठं ते आठवेना. एकदा नवऱ्यानं फोनवर तिचं बोलणं टेप करून ऐकवलं होतं, तेव्हा तिला असंच ओळखीचं आणि परकं वाटलं होतं. पण ते त्या क्षणी सुचलं नाही.

हात दारावर होता. तिनं तो उचलून घेतला.

"थांबा," ती गॅसवाल्याला म्हणाली. "बघून येते."

"आता काय वहिनी?"

"थांबा म्हटलं ना."

तिनं त्याची टॉर्च घेतली आणि आत गेली. अंग आडवं करून बोळात शिरली. एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला खोके, मध्ये तिचा श्वास. टॉर्चचा उजेड टोकाच्या भिंतीला लागून परत आला. कुणी नव्हतं. कोपऱ्यात वाकून पाहिलं, तिथंही नव्हतं. ती परतायला वळली, तेव्हा दाराकडचा उजेड एकदम कमी झाला. उंबऱ्यावर कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"आहे का कुणी आत?"

सासूचा आवाज. म्हातारा नव्हे, जुना. पोटातून काढलेला, खोक्यांना वळसा घालून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचणारा.

"ओ," हाकवाली म्हणाली. "मी आहे, आई."

शब्द तोंडातून निघाले. सपाट, घाईतले. मघाशी उंबऱ्यावर उभं राहून तिनं ऐकले ते हेच होते.

बाहेरून काही उत्तर आलं नाही. सासू श्वास धरून उभी होती. तो किती वेळ धरायचा आणि संपल्यावर हात काय करतो, हे हाकवालीइतकं कुणाला माहीत असणार? तिला सरकायचं होतं, पण कोटाची कड खोक्यात अडकली होती. गॅसवाला फळीकडे तोंड करून उभा असेल. दार लागल्याचा आवाज आला की तो बटण दाबेल, वर्षानुवर्षं तसंच करत आलाय. तिला आपलाच हात दिसला, त्या दिवशीचा, वाक्याच्या आधी गेलेला. सासूच्या डोक्यात आज सून आहे का, कोण जाणे. शेजारणीचा पोरगा आणि टीव्हीवरची बाई यांच्यात ती कुठंतरी असेल नसेल.

दाराची बिजागरी कुरकुरली.

मग पोलादी उंबऱ्यावर काहीतरी धपकन बसल्याचा आवाज आला आणि वरून उजेड पुन्हा आत पडला.

हाकवालीनं कोट ओढला. तो फाटला. ती बाहेर आली तेव्हा सासू उंबऱ्यावर फतकल मारून बसली होती, पाय बाहेर, पाठ उघड्या दाराला टेकवून. गॅसवाला तिला उठवायला वाकला होता आणि ती त्याच्या हातावर चापट मारत होती.

"आत माणूस आहे," ती त्याला सांगत होती. "तुझ्या बापाला कळायचं. तुला कळत नाही?"

"आले, आई," हाकवाली म्हणाली. "बाहेर आले मी."

सासूनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग हात पुढं केला, उठव म्हणून.

हाकवालीनं तिला स्टुलावर नेऊन बसवलं. पुन्हा उंबऱ्यावर आली, पुन्हा हाक मारली, श्वास डोळ्यांपुढं काजवे चमकेपर्यंत धरला. काही आलं नाही. दार लागलं, चाक फिरलं, पंप घुमला. तो लोड गेला आणि चोख गेला. त्यातल्या सिरिंजा कुठल्या कुठल्या दवाखान्यांत कुणाच्या कुणाच्या दंडात गेल्या असतील. शेडला कुलूप लागलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर हाकवाली तोंड धुवायला नळाशी गेली. वरच्या आरशात तिला आपला डावा गाल दिसला. सरळ, एकसारख्या, एकीला लागून एक अशा रेघा. बोळ अरुंद होता, वळताना खोक्याला गाल घासला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पाणी लावून चोळलं. रेघा गेल्या नाहीत. कान केव्हापासून गच्च झाले होते ते तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती आत होती तेव्हा चेंबरचं दार तर उघडंच होतं, पंप सुरूही झाला नव्हता.

"जाईल ते," मागून सासू म्हणाली. पलंगावर पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होती. "चोळू नकोस. दोन दिवस राहतं."

हाकवालीनं टॉवेलनं तोंड टिपलं. बाहेर शेजारीण पोराला हाक मारत होती. सासूनं ओ दिली नाही.

"आई," हाकवाली म्हणाली. "त्या दिवशी मी दार..."

"मी नाही लावलं," सासू म्हणाली आणि पांघरूण ओढून भिंतीकडे वळली.